ही गाठ सगळ्यात आधी कुणाला दाखवली होती?

प्रश्न मेळघाटातला आहे, धारणी तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंचा. थोडक्यात असा: "माझ्या गावांत बहुतेक वस्ती कोरकूंची. दीड वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या दोन बायका पाहिल्या, दोघीही गाठ फुटून जखम झाल्यावरच आल्या. एकीला नागपूरला पाठवलं, दुसरी घरीच आहे. मे महिन्यात तपासणी शिबिर लावलं, मोजून सात बायका आल्या. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांना जास्त वाईट प्रकारचा कॅन्सर होतो असं वाचलं. आदिवासी बायकांचंही तसंच असतं का? की हे सगळं भूमका-पडियारामुळे, म्हणजे गावच्या पुजारी-वैदूंमुळे? आणि उपकेंद्रात बसून मी नेमकं काय करू?"

ताई, मी वर्धा-यवतमाळच्या कापूसपट्ट्यात बावीस वर्षं सर्जरी करते आहे. त्याआधी बॉण्डचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचा, काळ गडचिरोलीत काढला. सुरुवातीची कित्येक वर्षं माझ्या केसपेपरवर एकच वाक्य असायचं: 'गाठ आठ महिन्यांपासून, पेशंटने दुर्लक्ष केले.' ते वाक्य लिहिणं मी थांबवलं ते झरी जामणीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आलेल्या कोलाम बाईमुळे. गाठ कधी समजली म्हणून विचारलं तर म्हणाली, "पोयाच्या वक्ती." आणि माझ्यासमोर बसली होती होळी झाल्यावर. मी चिडले. एवढे महिने काय करत होतीस, असं सगळ्या वॉर्डासमोर बोलले. ती गप्प राहिली. तिच्या सुनेने मात्र कापडी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले.

पोळ्यानंतर पंधरा दिवसांतच तिने नर्सबाईला गाठ दाखवली होती, गोळ्या मिळाल्या होत्या. मग बाजाराच्या गावातल्या डॉक्टरने सूज म्हणून इंजेक्शनांचा कोर्स केला. दिवाळीच्या सुमारास एका खासगी दवाखान्यात गाठ कापून काढली, 'चरबीची आहे' म्हणून सांगितलं आणि काढलेला गोळा तपासायला पाठवलाच नाही. दोन महिन्यांत तिथेच पुन्हा गाठ आली. मग मोठ्या सरकारी दवाखान्यात दोन खेपा झाल्या: एकदा सोनोग्राफीचा वार चुकला, एकदा डॉक्टर रजेवर. म्हणजे चार ठिकाणी गाठ दाखवून ती पाचव्या ठिकाणी, माझ्याकडे, आली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच विचारते: ही गाठ सगळ्यात आधी कुणाला दाखवली होती? नवरा, सासू, आशाताई, भूमका, मेडिकलवाला, कुणीही चालेल. उत्तर ऐकलं की उशीर कुणाचा ते कळायला लागतं. बाईचा असतो, नाही असं नाही. पण आमचा त्याहून मोठा निघतो.

आता तुमचा रक्ताचा, म्हणजे वंशाचा, प्रश्न. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या स्त्रियांपेक्षा थोडा कमीच होतो, सुमारे ५ टक्क्यांनी कमी. पण त्याने मरण्याचं प्रमाण मात्र ३८ टक्क्यांच्या आसपास जास्त आहे. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांना आणि हर-टू नावाच्या प्रथिनावरच्या इंजेक्शनला दाद न देणारा प्रकार, त्यांच्यात जवळपास दुप्पट आढळतो. पण नुसतं हे कारण पुरेसं नाही. १९८० च्या आधी तिथे दोघींच्या मृत्यूदरात फारसा फरक नव्हता. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आली, टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी आली, आणि त्यानंतर दरी पडली. एकीपर्यंत नवा उपचार पोचला, दुसरीपर्यंत पोचला नाही. रक्त तर आधीही तेच होतं.

मला याची भीती आपल्यासाठी वाटते. नागपुरात मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभं राहिलं आहे. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. उपचार सुधारत चालले ही आनंदाचीच गोष्ट. पण नागपूरच्या धरमपेठेतल्या बाईला ते जितके जवळ आले, तितके भामरागडच्या माडिया बाईला आले नाहीत. त्यामुळे दोघींमधलं अंतर पुढच्या काळात वाढूही शकतं.

आपल्या देशातलंच एक उदाहरण देते. २०२४ मध्ये देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सरासरी ६६.४ टक्के निघालं. सगळ्यात कमी अरुणाचलातल्या पासीघाट भागात, ४१.९ टक्के. सगळ्यात जास्त? मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी असेल असं कुणालाही वाटेल. ते निघालं मिझोराममध्ये, ७४.९ टक्के. दोन्हीकडे बहुसंख्य लोक अनुसूचित जमातींचे. आदिवासी असणं हेच कारण असतं तर हा ३३ टक्क्यांचा फरक आला कुठून? कोणत्या टप्प्यावर निदान झालं, उपचार किती जवळ आणि तो पुरा झाला का, यातूनच तो येतो.

एक गोष्ट मात्र रक्ताची नसली तरी वयाची आहे, आणि ती लक्षात ठेवा. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो, आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण भारतातच एकंदर ३० टक्क्यांच्या आसपास आहे. पस्तिशीची, अंगावर पाजणारी बाई थानात गोळा घेऊन आली की आपण सगळे 'दुधाची गाठ' म्हणून मोकळे होतो. अँटिबायोटिकचा एक कोर्स द्या, हरकत नाही. दोन आठवड्यांत गाठ पूर्ण गेली नाही तर दुसरा कोर्स देऊ नका, पुढे पाठवा. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट केसेसमधल्या बऱ्याच या दुसऱ्या आणि तिसऱ्या कोर्सच्या आहेत.

भूमका-पडियारांबद्दल तुम्ही विचारलंत. डंबा देण्यासारखे, म्हणजे तापल्या लोखंडाने पोटावर डागण्यासारखे, प्रकार मी बघितले आहेत, त्यांची वकिली मला करायची नाही. पण भूमका बाईला किती दिवस अडकवतो? एक पूजा, एक कोंबडा, फार तर महिना. आमच्या साखळीत गेलेले महिने त्याहून जास्त भरतात. शिवाय तो तिच्याशी तिच्या भाषेत बोलतो, तिला समोर बसवतो, घरच्यांची नावं त्याला पाठ असतात. त्याला शत्रू करून तुमच्या हाती काही लागणार नाही. माझ्या ओळखीच्या एका नर्सबाईंनी गावच्या भूमकाला एवढंच सांगून ठेवलं होतं: "महाराज, पूजा तुम्ही करा, पण थानातली गाठ आली की त्याच आठवड्यात मलेही दाखवायला सांगा." त्याने खरंच दोघींना पाठवलं. एकीची गाठ साधी निघाली, दुसरीची नाही.

उलट एक समज मात्र तुम्हाला जागोजागी आडवा येईल, आणि तो आदिवासींपुरता नाही, कुणबी-तेल्यांच्या घरातही तितकाच आहे: "दुखत नाई त दवाखान्यात काऊन जाव?" न दुखणारी गाठच जास्त संशयाची, हे सगळ्या शहाणपणाच्या उलट आहे. शेतात राबणारी बाई कंबर दुखली तरी जात नाही, ती न दुखणाऱ्या गोळ्यासाठी दिवसाची मजुरी का बुडवेल? दुसरा समज सुईचा: सुई लावली, तुकडा काढला की गाठ भडकते. याला आधार नाही. पण तो पसरण्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे तुकडा काढतात तेव्हाच आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो, बाई काही महिन्यांत जाते, आणि गावाला आठवणीत राहते ती सुई. याला तोंडी उत्तर चालत नाही. बायोप्सी करून, उपचार पुरा करून चार वर्षांनी कापूस वेचायला जाणारी एखादी बाई त्या भागात असेल तर तिला सोबत न्या. माझ्या दहा भाषणांनी जे झालं नाही ते एका बाईने पदर सारून व्रण दाखवल्यावर झालेलं मी पाहिलं आहे.

तुमचं मे महिन्यातलं शिबिर फसलं याचं नवल नाही. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्षाची रोकड याच दिवसांत घरात येते. कोरकू कुटुंबं कामाला बाहेर जातात आणि होळीला गावी परततात. मग तपासणी होळीच्या आठवड्यात का नको? पूर्व विदर्भात रोवणीचे जुलै-ऑगस्ट सोडा, कापूसपट्ट्यात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दिवसा घरात कुणी सापडणार नाही. मुळात शिबिर हा प्रकारच मला या आजारासाठी फारसा पटत नाही. मांडव, बॅनर, 'स्तन कर्करोग तपासणी' असा फलक, आणि रांगेत उभं राहायचं ते सगळ्या गावासमोर! बीपी, शुगर, रक्त कमी आहे का ते बघताना, घरात, दार लोटून, तुम्हीच हाताने तपासलंत तर बायका नाही म्हणत नाहीत. तुम्ही बाई आहात हे इथे तुमच्या पदवीपेक्षा मोठं आहे.

हाताने तपासण्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न डॉक्टर मंडळी नेहमी विचारतात. मॅमोग्राफी नाही तर काहीच नाही, असं एक मत आहे. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर याचाच अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्या बायका ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्यांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तशी घट दिसली नाही. हा निकाल मी काहीही लपवाछपवी न करता सांगते, कारण तरुण बायकांच्या बाबतीत नुसत्या तपासणीवर भरवसा ठेवून चालणार नाही. त्यांच्यासाठी गाठ सापडल्याबरोबर वेगाने हालचाल हाच मार्ग. आणखी एक: त्या अभ्यासात गाठ सापडली की पुढे टाटाचं हॉस्पिटल उभं होतं. तुमच्याकडे गाठ सापडली की पुढे सेमाडोहचा घाट उभा असतो.

सरकारी नियम ३० वर्षांवरच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हावी असं सांगतो. आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे आजारांच्या धोक्याच्या प्रश्नावलीत, गाठीचा, निपलमधून रक्त येण्याचा, आकार बदलल्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आणि तुम्हाला-मला माहीत आहे फॉर्म कसे भरले जातात. आशाताईने मराठीत विचारायचं, बाईने मान हलवायची, सगळीकडे 'नाही'वर टिक. कोरकू ही मराठीच्या काय, गोंडीच्याही घराण्यातली भाषा नाही, ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. तेव्हा तुमच्या आशाताईंना बसवून एकदा ठरवून घ्या की कोरकूत छातीला, गाठीला, निपलला बायका आपसात काय म्हणतात. चारचौघांत बोलायचा शब्द वेगळा असतो आणि न्हाणीघरातला वेगळा, तुम्हाला न्हाणीघरातला हवा. माडिया आणि कोलामीचंही तेच. छापील पोस्टरवर मी एक रुपया खर्च करणार नाही.

तपासताना घाई नको. आधी बसवून नुसतं बघा: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कातडी ओढली गेली आहे का, संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, निपल आत गेला आहे का. नागपूरच्या मुलुखात संत्र्याची साल कशी दिसते हे समजावावं लागत नाही. मग आडवं निजवून तीन बोटांच्या पेरांनी, हलका, मध्यम आणि जोराचा असा दाब देत, काखेपर्यंत. पाळी संपल्यावरचा आठवडा सगळ्यात बरा. कित्येक गाठी साध्या निघतील हे तिला आधीच सांगा, नाहीतर पाठवलेली पहिलीच बाई साधी गाठ घेऊन परत आली की गाव म्हणेल, ताईला काही समजत नाही.

आता गाठ सापडल्यानंतरचा भाग. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तीन आकडे ठरवून दिले आहेत: १०० पैकी निदान ६० जणी पहिल्या-दुसऱ्या स्टेजला सापडाव्यात, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पुरं व्हावं, आणि १०० पैकी ८० जणींचा उपचार पूर्ण व्हावा. यातला मधला आकडा तुमच्या हातातला आहे. साध्या वहीत पाच रकाने आखा: पहिल्यांदा कुणाला सांगितलं ती तारीख, तुम्ही पाहिलं ती तारीख, बायोप्सीची तारीख, रिपोर्ट हातात आल्याची तारीख, पहिला उपचार. आणि बाजूला जमात-जात लिहा. कॅन्सर नोंदणीचे अहवाल जिल्ह्याचे, वयाचे आकडे देतात. कोरकू बाईला किती दिवस लागले आणि परतवाड्याच्या व्यापाऱ्याच्या बायकोला किती, हे तुमच्या वहीतच दिसेल. अशी वही ठेवायला लागल्यावर मला कळलं की माझ्याच विभागात बायोप्सीचा रिपोर्ट तयार होऊन पडून राहत होता, कारण तो घ्यायला यायचं भाडं त्या बाईकडे नव्हतं. आम्ही तो फोनवर कळवायला लागलो. इतकी साधी गोष्ट, आणि मला सुचायला अकरा वर्षं लागली.

पाठवताना 'पुढील उपचारार्थ' एवढंच लिहून पाठवू नका. कुठे, कोणत्या वारी, कोणत्या ओपीडीत, कुणाला भेटायचं ते लिहा, आणि आधी फोन करा. तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि जाड सुईची बायोप्सी या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत व्हाव्यात असा आग्रह धरा. तिन्हींसाठी तीन तारखा मिळाल्या तर दुसरीला बाई येत नाही. तुमच्या भागातल्या कुणी गाठ आधीच कापून घेतली असेल तर तो गोळा कुठे आहे ते विचारा. फॉर्मलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीकडे न गेलेला गोळा म्हणजे हार्मोनची तपासणी गेली, आणि त्याबरोबर स्वस्तातला सगळ्यात चांगला उपचार ठरवायची संधीही गेली.

पैशाचं बोलायचं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑपरेशन, किमो, शेक (म्हणजे किरणोपचार), सगळं त्यात बसतं. अडचण दोन ठिकाणी. निदान सिद्ध होईपर्यंतचा खर्च बहुतेक वेळा खिशातून जातो, म्हणून पहिली तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातच करा. आणि लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावर नसतं किंवा आधारवर वेगळं असतं. हे निदानाची वाट न बघता, गाठ सापडली त्याच दिवशी बघायला घ्या. तलाठी आणि रेशन दुकानदार यांच्यामागे लागायला पंधरा दिवस लागतात, तेवढेच दिवस रिपोर्टला लागतात. मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची सोय होते, आणि गाडगेबाबा तुमच्याच अमरावती जिल्ह्यातले. बाईचं काम बंद पडलं असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो, कॅन्सर त्यात बसतो. पण मुंबईची घाई करू नका. पहिल्या उपचारासाठी विदर्भाबाहेर जायची गरज फार थोड्यांना असते, आणि लांब गेलेली बाई अर्ध्यातून परत येण्याची शक्यता जास्त.

अर्ध्यातून परत येणं, म्हणजे आमच्या भाषेत 'डामा', डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध दवाखाना सोडणं. कागदावर अंगठा घेतात, 'पेशंट नॉट विलिंग' असं लिहितात आणि फाइल बंद करतात. कारण विचारलं तर निघतं शेळ्यांना बघायला कुणी नाही, किंवा मोह पडायला लागला. एकीने मला स्पष्ट सांगितलं, "पंधरा दिवस मोह सोडला त मंग वर्षभर काय खाऊ?" तिची किमोची तारीख आम्ही चार दिवस पुढे घेतली आणि ती आली. आधीच विचारलं असतं तर डामाची वेळच आली नसती. उपचाराचा कागद लिहिताना समोर शेतीचं कॅलेंडर ठेवायला काय हरकत आहे?

शेकाबद्दल तर हे फार महत्त्वाचं. छाती वाचवून फक्त गाठ काढली तर शेक घ्यावाच लागतो, आणि पूर्वी तो पाच-सहा आठवडे रोज असायचा. घर दीडशे किलोमीटरवर, म्हणून आम्ही सरळ पूर्ण छाती काढत होतो आणि 'खेड्यातल्या बायकांना छाती वाचवण्यात रस नसतो' असं म्हणत होतो. रस कुणी विचारला होता? आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा शेक देऊन भागतं, आणि निवडक रुग्णांत एका आठवड्यात पाच वेळा देण्याचीही पद्धत आली आहे. ब्रिटनमधल्या त्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०२० मध्ये आले आणि ते चांगले आहेत. तुमच्या बाईच्या वतीने तुम्ही फोनवर विचारा: शेक कमी दिवसांत देता येईल का, राहायची सोय आहे का. विचारल्यावर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागातली एक खास गोष्ट बाहेरच्या डॉक्टरांना हमखास विसरायला होते: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या बायकांत किमो किंवा भूल देण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. किमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं जे इंजेक्शन देतात, ते सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला जीवघेणा त्रास देऊ शकतं. तिच्या रेफरच्या कागदावर सिकलसेलचा रिपोर्ट ठळक लिहून पाठवा. आणि किमो घेऊन गावी आलेल्या बाईला ताप आला, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, तर ती पॅरासिटामॉल देऊन झोपवायची वेळ नाही. त्याच रात्री गाडी. घरच्यांना हे एवढं एक वाक्य पाठ करून घ्या. पावसाळ्यात पूल बुडणाऱ्या गावांत, भामरागडच्या पर्लकोटा नदीपलीकडे किंवा तुमच्या सिपना नदीकाठी, किमोच्या त्या काळापुरतं बाईला तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे ठेवता आलं तर बघा.

मानाचंही बोलायला हवं, कारण बायका परत न येण्याचं ते मोठं कारण आहे आणि कुठल्याच अहवालात लिहिलेलं नसतं. शहरातली बाई आली की 'या ताई, बसा', आणि लुगड्यातली गोंदलेली बाई आली की 'ए, तिकडे बस'. मी स्वतःही वर सांगितलं तशी 'करत होतीस' म्हणूनच बोलले होते. एका बंजारा बाईच्या दंडातला चुडा ऑपरेशनआधी सिस्टरने न विचारता कापला. सवाष्णीचं लेणं ते! ती पूर्ण बरी झाली, पण त्या दवाखान्याचं नाव तिच्या तांड्यात कुणी घेत नाही. आधी सांगितलं असतं, तिच्याच माणसाने काढून पिशवीत ठेवला असता, तर दहा मिनिटांचं काम होतं.

यावर मला माहीत असलेला सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे सोबतीण. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत हॅरॉल्ड फ्रीमन नावाच्या सर्जनने १९९० मध्ये हे सुरू केलं. गरीब कृष्णवर्णीय बायकांसोबत वस्तीतलाच एक माणूस द्यायचा, जो तारखा, कागद, भीती, सगळं निभावून नेईल. त्याच्या जोडीला मोफत तपासणी. आधी त्या रुग्णालयात स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्या ३९ टक्के होत्या, नंतरच्या गटात त्या ७० टक्के झाल्या. रक्त तेच, वस्ती तीच. टाटा मेमोरियलनेही 'केवट' नावाने अशा सोबत्यांचा अभ्यासक्रम काढला आहे. तुमच्याकडे त्यासाठी वेगळी नेमणूक व्हायची वाट बघू नका. एक आशाताई, जिला कोरकू येतं आणि जिच्या घरची माणसं एक रात्र तिच्याविना राहू शकतात, तिला पहिल्या तीन फेऱ्यांना पाठवा. पहिली ओपीडी, रिपोर्टचा दिवस, पहिली किमो. पुढचं बाई स्वतः करते. त्या ताईच्या भाड्याचं आणि बुडालेल्या दिवसाचं मात्र काहीतरी करा, ग्रामपंचायत असो की रुग्ण कल्याण समिती. फुकटात सोबत मागायची आपल्याला फार सवय लागली आहे.

शेवटी, घरी असलेल्या त्या दुसऱ्या बाईबद्दल. जखम झाली म्हणजे सगळं संपलं, असं तुम्हीही धरून चालला आहात असं तुमच्या पत्रावरून वाटलं. तसं नाही. कातडी फोडून बाहेर आलेली गाठ, पण फुप्फुस, यकृत, हाडांत काही गेलेलं नसेल, तर ती तिसरी स्टेज असते. आधी किमो, मग ऑपरेशन, मग शेक, गरज असेल तर गोळ्या, असा पूर्ण उपचार बरं करण्याच्या हेतूनेच करतात. अशा बायका वर्षानुवर्षं चांगल्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून याच आठवड्यात तिच्याकडे जा. जखम मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरा आणि न चिकटणारी पट्टी ठेवा. दोन-तीन दिवसांत वास कमी होतो. वासामुळेच ती ओसरीच्या कोपऱ्यात निजत असेल, आणि वासामुळेच बसमध्ये बसायला लाजत असेल. तो गेला की ती यायला तयार होते. नाहीच आली, किंवा आजार खरंच पसरलेला निघाला, तर दुखण्यासाठी जिल्हा रुग्णालयातून मॉर्फिनच्या गोळ्यांची व्यवस्था करा आणि ड्रेसिंग चालू ठेवा. पण आधी तिला विचारा, मी मघाशी सांगितलेला तोच प्रश्न. आणि ती जे नाव घेईल ते वहीच्या पहिल्या रकान्यात लिहा, ते तुमचंच निघालं तरी.